‘नागरिक सुरक्षा’ या समासाचा विग्रह : चित्रकथांतील रक्षक आणि व्यक्तिस्वातंत्र्य

अतिमानवी नायकांच्या चित्रकथा हा वाङ्मयप्रकार अभ्यासकांच्या दृष्टीने पुष्कळ काळ उपेक्षित राहिला. तो मुलांचा मानला गेला, आणि मुलांच्या वाचनाकडे आपले लक्ष जाते ते बहुधा त्यास आवर घालण्याच्या वेळीच. भारतात १९५६ साली अल्पवयीनांना अपायकारक ठरणाऱ्या प्रकाशनांविषयी जो कायदा झाला, त्यात चित्रांच्या साहाय्याने अथवा केवळ चित्रांतून सांगितलेल्या गोष्टींचा स्पष्ट उल्लेख आहे. गुन्हे, हिंसा, क्रौर्य यांचे चित्रण करून वीस वर्षांखालील वाचकाला बिघडवू शकेल असे प्रकाशन विकणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंतच्या कारावासाची तरतूद त्यात आहे. अमेरिकेत दोनच वर्षे अगोदर, १९५४ मध्ये, चित्रकथांच्या प्रकाशकांनी अशाच भयापोटी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली होती. म्हणजे समाजाच्या सुरक्षिततेसाठी व्यक्तीच्या मोकळिकीला किती मुरड घालावयाची, हा प्रश्न चित्रकथांचा विषय होण्यापूर्वी चित्रकथाच त्या प्रश्नाचा विषय झाल्या होत्या.

पुढे हा प्रश्न त्यांच्या कथानकात शिरला. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण २००६-०७ मध्ये मार्व्हल या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने काढलेली ‘सिव्हिल वॉर’ ही कथामाला होय. काही उतावीळ तरुण नायकांच्या झटापटीत स्टॅमफर्ड नावाच्या गावी स्फोट होतो, सहाशेंहून अधिक माणसे मरतात, त्यांत शाळकरी मुलेही असतात. मग कायदा होतो की, ज्यास अलौकिक शक्ती आहे त्याने आपले खरे नाव सरकारदफ्तरी नोंदवावे आणि सरकारच्या देखरेखीखाली काम करावे. आयर्न मॅन कायद्याच्या बाजूस जातो, कॅप्टन अमेरिका विरुद्ध बाजूस. स्पायडरमॅन पत्रकारांसमोर मुखवटा उतरवितो आणि तेव्हापासून त्याच्या घरच्यांना स्वस्थता उरत नाही. येथे वाद कोणाची शक्ती मोठी हा नाही. रक्षकाला नाव असावे की नसावे, एवढाच मुद्दा आहे. मुखवटा हे रक्षकाचे व्यक्तिस्वातंत्र्य, आणि नोंदणी ही इतरांची सुरक्षा.

मराठी वाचकाला असे मुखवटाधारी रक्षक ठाऊक झाले ते इंद्रजाल कॉमिक्समुळे. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशनाने १९६४ च्या मार्चमध्ये ही माला सुरू केली आणि १९९० पर्यंत ती चालली. तिच्या इंग्रजीखेरीज मराठी, हिंदी, बंगाली इत्यादी भाषांतील आवृत्त्या निघत. नागपूरनजीकच्या कामठीसारख्या छावणीच्या गावात, जेथे एकाच बाजारात मराठी, हिंदी, उर्दू आणि तेलुगू बोलणारी घरे नांदत आली आहेत, तेथे एकच गोष्ट दोन भाषांत वाचता येणारे मूल विरळा नसणार. अशा वाचकाचे लक्ष गोष्टीआधी नावांकडे जाते, आणि येथे नावे विचार करण्याजोगी आहेत.

मालेचा मुख्य नायक ली फॉक याने १९३६ साली निर्माण केलेला फँटम. मूळ कथेत तो वावरतो त्या देशाचे नाव बंगालशी जुळते; भारतीय आवृत्तीत त्याचे ‘डेंकाली’ झाले. त्याच्या वैरी चाच्यांच्या टोळीचे नाव ‘सिंग’ असे होते, ते ‘सिंगा’ करण्यात आले. या बदलांमागे उघडच कोणाचे मन दुखावू नये ही सावधगिरी होती. कायद्याने सांगितले नव्हते तेही संपादकांनी पाळले. परंतु खरा चमत्कार नायकाच्या नावात घडला. बंगालीत तो ‘अरण्यदेव’ झाला, हिंदीत ‘वेताल’, मराठीत ‘वेताळ’. ध्वनीचा फरक ल आणि ळ एवढाच. अर्थाचा मात्र बराच मोठा. हिंदी वाचकाला वेताल म्हटले की विक्रमाच्या खांद्यावरचे, कोडी घालणारे प्रेत आठवते. मराठी वाचकाला ते आठवतेच, पण त्यापलीकडे त्याला गावाच्या शिवेवरचा शेंदूर फासलेला धोंडाही आठवतो. वेताळ हा महाराष्ट्रात आणि कोकण-गोव्यात ग्रामरक्षक दैवत आहे. सिंधुदुर्गातील आरवली येथे वेतोबाला भक्तजन चामड्याच्या मोठमोठ्या वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावाभोवती फेरी घालतो आणि त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. फॉकच्या नायकाला इंग्रजीत जे विशेषण आहे त्याचा अर्थही ‘चालणारे भूत’ असाच होतो. ज्याने हे भाषांतर केले त्याला आरवलीच्या वहाणा आठवल्या होत्या की नाही कोण जाणे. पण भाषेला त्या आठवल्या.

या नामांतराचा एक परिणाम असा झाला की, मुखवट्याचा प्रश्नच विरघळून गेला. ग्रामदैवताला कोणी ओळखपत्र मागत नाही. त्याच्या रक्षणात गावकऱ्यांची संमती गृहीत असते, आणि त्याच्या कोपाविरुद्ध दाद मागण्याची सोय नसते. नवस फेडणे एवढाच व्यवहार. अमेरिकन वाचकाला जो मनुष्य कायद्याबाहेरचा वाटू शकला असता, तो मराठी वाचकाला कायद्याच्या आधीचा वाटला. वेताळाच्या कथा मराठीत इतक्या निर्वेधपणे रुजल्या याचे श्रेय चित्रांना आहेच. पण या एका शब्दालाही ते द्यावयास हवे.

मालेतला भारतीय नायक अवतरला तो १९७६ च्या डिसेंबरात. त्याचे नाव बहादूर. त्याचे जनक आबिद सुरती हे गुजराती व हिंदीतील लेखक आणि व्यंगचित्रकार. चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. बहादूर हा एका डाकूचा मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीने मरतो, आणि ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या हातून तो मरतो तोच या मुलाला वाढवितो. सूड घ्यावयाचा की नाही या पेचातून सुटल्यावर बहादूर जयगढ गावी एक संघटना उभारतो : नागरिक सुरक्षा दल, संक्षेपाने ‘नासुद’. त्याला मुखवटा नाही, अलौकिक शक्ती नाही. अंगात भगवा कुडता आणि जीन्सची पँट. सोबतीण बेला कराटे जाणते, आणि दोघे लग्नाविना एकत्र राहतात. त्या काळच्या मुलांच्या मासिकात ही मोकळीक थोडी नव्हती.

या तारखेकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. २५ जून १९७५ रोजी घोषित झालेली अंतर्गत आणीबाणी तेव्हा अंमलात होती आणि मार्च १९७७ पर्यंत राहिली. अंतर्गत सुरक्षा राखण्याच्या १९७१ च्या कायद्याखाली हजारो माणसे विनाचौकशी तुरुंगात होती. त्या कायद्याच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून झालेला ‘मिसा’ हा शब्द आणि त्यावरून ‘मिसाबंदी’ हा समास मराठीत तेव्हाच रुळला. अशा बंद्यांना न्यायालयाचे दार ठोठावता येते असा निर्णय ज्या उच्च न्यायालयांनी दिला त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा मताने हे निर्णय फिरविले. विरोधी मत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे. तो निकाल चुकीचा होता असे त्याच न्यायालयाने म्हणावयास २०१७ साल उजाडले. आणखी एक योग असा की, चंबळच्या डाकूंना १९७२ मध्ये शस्त्रे खाली ठेवावयास लावणारे जयप्रकाश नारायण हे आणीबाणीच्या पहिल्याच रात्री सुरक्षेच्या नावाखाली स्थानबद्ध झाले होते. डाकूंच्या बंदोबस्तासाठी नागरिकांचे दल काढणारा नायक त्यानंतर दीड वर्षाने आला. यात लेखकाचा काही हेतू होता असे मानण्यास आधार नाही, आणि तसे मानण्याची गरजही नाही. ‘सुरक्षा’ हा शब्द त्या वर्षी हवेतच होता.

आता या शब्दाचेच थोडे परीक्षण करू. ‘नागरिक सुरक्षा’ हा तत्पुरुष समास आहे. पण कोणत्या विभक्तीचा? ‘महिला सुरक्षा’ म्हणताना आपण महिलांची सुरक्षा असा षष्ठीचा विग्रह करतो. ‘पोलीस संरक्षण’ म्हणताना पोलिसांचे संरक्षण असा अर्थ कोणी घेत नाही. पोलिसांनी दिलेले संरक्षण, म्हणजे तृतीया. ‘अग्निसुरक्षा’ या शब्दात अग्नीची सुरक्षा नाही की अग्नीकडून सुरक्षा नाही. अग्नीपासून सुरक्षा, म्हणजे पंचमी. तिन्ही समासांची बाह्य घडण एकच. हे केवळ मराठीचे वैचित्र्य नव्हे, रक्षणाच्या क्रियेचे आहे. पाणिनीने भय आणि रक्षण या अर्थांच्या धातूंसाठी वेगळे सूत्र करून ठेविले आहे, ज्यानुसार भयाचे कारण असेल ते अपादान होते. रक्षण म्हटले की तीन कारके हजर होतात : रक्षणारा, रक्षिला जाणारा, आणि ज्यापासून रक्षावयाचे तो. समासात मात्र जागा एकाचीच. उरलेले दोघे ऐकणाऱ्याने आपापल्या समजुतीप्रमाणे भरावयाचे.

‘व्यक्तिस्वातंत्र्य’ या समासात असा घोटाळा संभवत नाही. तेथे षष्ठीवाचून विग्रहच नाही, स्वातंत्र्य व्यक्तीचे. म्हणूनच कदाचित वादात स्वातंत्र्याची बाजू नेहमी काहीशी एकाकी, स्वार्थी दिसते आणि सुरक्षेची बाजू सर्वसमावेशक भासते. एका शब्दात मालक दिसतो, दुसऱ्यात तो झाकलेला राहतो.

नासुदच्या कथांत पहिले दोन विग्रह सुखाने एकत्र नांदतात : नागरिकांची सुरक्षा, नागरिकांकडून. हेच बहादूरचे आकर्षण होय. वेताळाची वाट पाहत बसण्याऐवजी गावकरी स्वतः उठतात. बाहेरून आलेल्या देवाऐवजी घरचा, नावगाव असलेला माणूस. या दृष्टीने बहादूरने मुखवट्याचा पेच सोडविला असे म्हणता येईल, आणि तसा सोडविणारे नायक जगाच्या चित्रकथांतही थोडेच. पण पंचमीचा विग्रह तेथे डाकू या एका शब्दात मिटविला जातो. डाकू हा नागरिक नव्हे असे कथेत पहिल्या चौकटीपासून ठरलेले असते. ज्याचा बाप डाकू होता त्याच्याच कथेत ते इतके सहज ठरावे हे थोडे नवल आहे.

कथेबाहेर ते तसे ठरत नाही. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, पोलिसांच्या ताब्यात असलेल्या एका गुंडाला कस्तुरबानगरातील स्त्रियांच्या जमावाने ठार केले. वर्षानुवर्षे त्याने वस्तीला, विशेषतः तेथील स्त्रियांना छळले होते. तक्रारी करून उपयोग होत नाही हा त्यांचा अनुभव होता. खटल्यातील आरोपींची २०१४ मध्ये पुराव्याअभावी सुटका झाली. ज्यांचे रक्षण करणे हे राज्याचे काम होते त्याच रक्षक झाल्या, आणि ज्याला मारले तोही त्या क्षणी न्यायालयाच्या दारात उभा असलेला नागरिकच होता. या स्त्रियांविषयी वाटणारी सहानुभूती आणि त्या कृत्याविषयी वाटणारी धास्ती, या दोन्ही खऱ्या आहेत. एकीने दुसरी खोडली जात नाही. नासुदच्या कोणत्याही अंकात असा प्रसंग येऊ शकला नसता, कारण जयगढमध्ये तक्रार कधी वाया जात नाही.

शेजारच्या छत्तीसगडात २००५ पासून प्रकरण आणखी पुढे गेले. नक्षलवाद्यांविरुद्ध ‘सलवा जुडूम’ ही मोहीम उभी राहिली. आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून नेमून हाती बंदुका देण्यात आल्या. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा तुटपुंज्या मानधनावरच्या, अपुऱ्या शिकवणीच्या नेमणुका घटनाबाह्य ठरविल्या. न्यायालयापुढील प्रश्नाचा एक भाग या तरुणांच्याच जीविताचा होता. म्हणजे सुरक्षा दलातील नागरिकालाच सुरक्षेची गरज पडली; षष्ठी आणि तृतीया एकमेकींवर उलटल्या.

कामठीला हा व्याकरणाचा प्रश्न जमिनीवर आखलेला दिसतो. सीताबर्डीच्या लढाईनंतर, १८२१ मध्ये, कन्हान नदीकाठी ब्रिटिशांनी ही छावणी वसविली. (‘कॅम्प टी’ वरून कामठी ही व्युत्पत्ती लोकप्रिय आहे, लोकव्युत्पत्ती बहुधा अशाच सुबक असतात, आणि म्हणूनच संशयास्पद.) छावणीची हद्द आणि गावाची हद्द या दोन वेगळ्या गोष्टी. १९२४ च्या छावणी कायद्यात उपद्रवी वा राजद्रोही ठरलेल्या मनुष्यास हद्दीबाहेर घालविण्याची तरतूद होती. २००६ साली त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली. छावणीतील ‘सुरक्षा’ ही गावाची, गावाकडून की गावापासून, याचे उत्तर शिवेच्या कोणत्या बाजूला उभे राहून विचारले यावर अवलंबून असे.

अलीकडे हाच समास विधिमंडळात आला. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मांडले गेले आणि संयुक्त समितीकडे गेले. समितीचे अध्यक्ष महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे हे कामठीचेच आमदार. समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या. बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे की, शस्त्रधारी नक्षलवादाला शहरांतून पाठबळ देणाऱ्या संघटनांविरुद्ध प्रचलित कायदे अपुरे आहेत. विरुद्ध बोलणाऱ्यांचे की, बेकायदेशीर कृत्याची व्याख्या इतकी सैल आहे की सनदशीर विरोधही तीत सापडेल. मूळ मसुद्याच्या उद्दिष्टात व्यक्ती आणि संघटना असे शब्द होते. समितीने तेथे कडव्या डाव्या विचारसरणीच्या व तत्सम संघटना असा बदल केला, आणि २०२५ च्या जुलैत दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केले. भाषिक दृष्टीने पाहता, बारा हजार लोकांनी पाठविलेल्या त्या कागदांपैकी पुष्कळांचा विषय एकच असावा : ‘जनसुरक्षा’तील पंचमी कोणती. समितीने ती उद्दिष्टात काहीशी भरली. पण ‘तत्सम’ या शब्दात तिची एक जागा अद्याप रिकामी आहे.