पदवीचे जुने समीकरण आणि तरुणांची उमेदीची वर्षे

पदवी परीक्षेचा निकाल लागला की घरात चार दिवस आनंदाचे जातात. पेढे वाटले जातात, मामा-काकांकडून अभिनंदन होते, आणि आठवडा उलटण्याच्या आत एकच प्रश्न निरनिराळ्या मुखांनी विचारला जाऊ लागतो : 'आता पुढे काय?' बीड, जालना, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांतून छत्रपती संभाजीनगरात शिकावयास आलेल्या आणि विद्यापीठालगतच्या बेगमपुरा-पहाडसिंगपुरा भागात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या तरुणाचे त्यावरील उत्तर पुष्कळदा ठरलेले असते. तो म्हणतो, 'तयारी करतो आहे.' कशाची तयारी, असे त्याला कोणी विचारीत नाही. 'तयारी' म्हणजे स्पर्धा परीक्षेची तयारी, हे गावातील शेतमजुरालाही ठाऊक असते.

हे उत्तर त्या तरुणाने विचारपूर्वक निवडलेले असते काय, हा खरा प्रश्न आहे. आपल्याला कोणते काम साधते, कोणत्या कामात आयुष्य वेचले असता समाधान लाभेल, याचा विचार करण्याची सवड त्याला मिळालेली नसते. किंबहुना असा विचार करणे ही सुखवस्तू घरांतील मुलांची चैन होय, अशीच त्याच्या भोवतालची समजूत असते. ही समजूत निष्कारण निर्माण झालेली नाही. तिला या प्रदेशाचा इतिहास आहे.

पंधरा वर्षांचे सत्य

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, तेव्हा मराठवाड्यात उच्च शिक्षणाची वाट अरुंद होती. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. त्यानंतरच्या काळात शाळा-महाविद्यालये वाढत होती, आणि १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाल्यामुळे शिक्षक, ग्रामसेवक, लिपिक अशी माणसे सर्वत्र हवी होती. पदवीधर मोजके आणि जागा पुष्कळ, असा तो काळ होता. कोरडवाहू शेतीवर पोट भरणाऱ्या कुटुंबातील एक मुलगा पदवीधर झाला, की त्याच्या पगारावर धाकट्या भावंडांची शिक्षणे होत आणि बहिणींची लग्नेही पार पडत. पदवी म्हणजे नोकरी, हे समीकरण त्या पिढीने अनुभवातून शिकले होते.

परंतु ते फार काळ टिकले नाही. १९७२ चा भीषण दुष्काळ ओसरतो न ओसरतो, तोच १९७४ साली मराठवाडा विकास आंदोलन पेटले. त्यात विद्यार्थी अग्रभागी होते आणि स्थानिकांना नोकऱ्या मिळाव्यात ही त्यांची प्रमुख मागणी होती. वसमत येथे झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात विद्यार्थ्यांचे प्राण गेले. विद्यापीठ स्थापन होऊन तेव्हा जेमतेम सोळा वर्षे झाली होती. याचा अर्थ असा, की जे समीकरण फार तर पंधरा वर्षे खरे होते, त्याच्या आधारावर त्यापुढील तीन पिढ्यांनी आपली आयुष्ये बेतली. आजचा बाप आपल्या मुलाला जो सल्ला देतो, तो त्याच्या वडिलांच्या काळी योग्य होता.

एका जागेमागे शंभर

आजची आकडेवारी पाहिली असता हे समीकरण किती मोडले आहे ते ध्यानी येते. २०२३ च्या तलाठी भरतीत सुमारे साडेचार हजार जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाख ७६ हजारांच्या घरात अर्ज होते. म्हणजे एका जागेमागे शंभराहून अधिक उमेदवार. केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीनुसार २०२२-२३ मध्ये देशातील बेकारीचे सर्वसाधारण प्रमाण ३.२ टक्के होते, तर पदवीधरांमध्ये ते १३ टक्क्यांच्या वर होते. अशिक्षित माणूस मिळेल ते काम करतो, कारण त्याला थांबणे परवडत नाही. पदवीधर थांबतो, कारण मिळेल ते काम केले तर शिकून काय मिळविले, असे त्याला गावात विचारले जाते.

शंभरांतील एकाची निवड होते आणि त्याचे नाव चौकातील फलकावर झळकते. उरलेल्या नव्व्याण्णवांचे काय होते, याची नोंद कोठेही ठेवली जात नाही. ते पुढच्या जाहिरातीची वाट पाहतात. राज्य शासनाने २०१६ साली लोकसेवा आयोगाच्या परीक्षांसाठी खुल्या वर्गाची वयोमर्यादा ३८ वर्षांपर्यंत आणि मागासवर्गीयांची ४३ वर्षांपर्यंत वाढविली. परीक्षा वेळेवर होत नाहीत, तेव्हा उमेदवाराला संधी नाकारू नये, हा त्यामागील हेतू रास्तच होता. तथापि त्याचा दुसरा परिणामही दृष्टिआड करता येत नाही. जी आशा पूर्वी तिशीच्या आसपास सुटत असे, ती आता चाळिशीला टेकते. तोवर लग्न लांबते, आईवडील थकतात, धाकट्या बहिणीचे शिक्षण मागे पडते आणि एखादा शेताचा तुकडाही विकला जातो. मुलींच्या वाट्याला तर एवढीही मुदत येत नाही. दोन प्रयत्नांत यश आले नाही, तर स्थळे पाहण्यास प्रारंभ होतो.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. 'सरकारी नोकरीचे वेड सोडा', असा उपदेश करणे सुस्थितीतील माणसाला सोपे जाते. नागसेनवनात शिकलेल्या दलित तरुणाच्या दृष्टीने सरकारी नोकरी म्हणजे केवळ पगार नव्हे. गावात दुकान टाकले तर गिऱ्हाईक येईल की नाही, खाजगी कचेरीत आडनाव ऐकून कोणाच्या कपाळावर आठी पडेल काय, अशा शंका ज्याला कधी शिवल्या नाहीत, त्याला राखीव जागेवरील नेमणुकीतून मिळणाऱ्या प्रतिष्ठेचे मोल कळणार नाही. म्हणून शासनाने रिक्त जागा वेळेवर भरल्याच पाहिजेत. तरुणांना उपदेश करून शासनाची ही जबाबदारी टळत नाही.

कामाशी ओळख

मात्र सर्व जागा भरल्या तरी बहुसंख्य पदवीधर बाहेरच राहणार आहेत, हेही तितकेच खरे. त्यांनी काय करावे? 'मनाला आवडेल ते करा', हे उत्तर अपुरे आहे, कारण बावीस वर्षांच्या वयापर्यंत ज्याने पुस्तक आणि परीक्षा यांखेरीज काही पाहिलेच नाही, त्याला आपल्याला काय आवडते हे कळावे तरी कसे? आवड ही कामाच्या सहवासातून उमलते. ऐंशीच्या दशकात औरंगाबादेत चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी आणि त्यांच्या मित्रांनी 'जिगीषा' ही नाट्यसंस्था चालविली. मुंबईच्या रंगभूमीवर १९९१ साली त्यांचे 'चारचौघी' आले, तेव्हा नाटक आपल्याला जमते की नाही हे ते येथेच पारखून चुकले होते. कवी ना. धों. महानोर महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून पळसखेड्याच्या शेतीकडे परतले, आणि त्या शेतीतूनच त्यांची कविता वाढली. नरेंद्र चपळगावकरांनी मराठीचे अध्यापन केले, पुढे वकिली केली, उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि लेखनही अखेरपर्यंत चालू ठेवले. ही माणसे असामान्य होती, आणि त्यांच्या उदाहरणांवरून सर्वांसाठी नियम काढता येणार नाही. परंतु त्यांच्या आयुष्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. कामाची निवड एकदाच आणि कायमची करावी लागते, ही समजूत खरी नाही. मनुष्य काम करीत करीत आपल्या कामापर्यंत पोहोचतो.

हे ज्या शहरात घडावे, त्या शहरात कामाची उणीव नाही. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत जुनी आहे. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधारे सुटे भाग बनविणारे अनेक लहान कारखाने उभे राहिले. आता शेंद्रा-बिडकीनचा विस्तार होत आहे. १९८१ पासून येथे उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे; वेरूळ-अजिंठ्यामुळे देशोदेशींचे प्रवासी येथे येतात. तथापि इतिहासाचा पदवीधर तीन वर्षांत एकदाही वेरूळला प्रवाशांसोबत हिंडत नाही, आणि वाणिज्य शाखेचा विद्यार्थी कारखान्याचे हिशेब कसे लिहिले जातात हे न पाहताच उत्तीर्ण होतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला अभ्यासक्रमात स्थान दिले आहे. त्याचे पालन केवळ सही-शिक्क्याच्या प्रमाणपत्रापुरते उरणार की खरोखरीचे होणार, हे महाविद्यालयांतील प्राध्यापकांवर अवलंबून आहे. शासनाने २०२४ साली सुरू केलेल्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला दरमहा दहा हजार रुपये विद्यावेतन ठरविण्यात आले. परंतु मुदत संपल्यावर कोठे जावयाचे, याचे उत्तर त्या योजनेने दिले नाही. पदवीनंतर दिलेला अनुभव उशिराचा ठरतो. तो पदवीच्या आत, चुकण्याची मुभा असतानाच मिळाला पाहिजे.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यानेही घरच्यांसमवेत बसून आरंभीच मुदत ठरवावी. दोन वर्षे अथवा तीन वर्षे. त्या अवधीत अर्धा दिवस का होईना, एखादे काम हाती असावे. मुदत संपल्यावर जो परततो, तो हरलेला नव्हे, हे मात्र घरच्यांनी त्याला वेळीच सांगितले पाहिजे. अभ्यासिकेत वर्षानुवर्षे बसून राहणाऱ्या अनेकांना खरे भय परीक्षेचे नसते. गावी रिकाम्या हातांनी जाण्याचे असते. दिवाळीला गावी आलेल्या मुलाला 'नोकरी लागली काय?' असे न विचारता 'सध्या कोणते काम शिकतो आहेस?' असे घरातील वडीलधाऱ्यांनी विचारले, तर त्या भयातील निम्मा भाग तेथेच कमी होईल.