दूरचा संगणक रुसतो तेव्हा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेतला एक संगणक चोवीस तास गायगर गणकाच्या नोंदी घेत होता. तो लिनक्सवर चालणारा, माझा घरचा विंडोजवर. नोंदी नीट उतरत आहेत ना, हे रात्री घरूनच पाहावे म्हणून कॉलेजच्या व्हीपीएनमधून मी जोडणी करू लागलो. पण तिकडचा पडदा काही दिसेना.

विद्युत्मंडलातला दिवा लागला नाही, तर तुम्ही काय करता? घटापासून निघून एकेक जोड तपासता. इथेही तसेच करायचे.

आधी पत्ता. पिंग करून पाहावे. मात्र उत्तर आले नाही म्हणजे संगणक बंदच आहे, असे समजू नका. पुष्कळदा फायरवॉल पिंगला उत्तरच देऊ देत नाही.

मग दार, म्हणजे पोर्ट. विंडोजच्या आरडीपी पद्धतीचा पोर्ट ३३८९. लिनक्समध्ये एक्सआरडीपी नावाचा प्रोग्रॅम याच दाराशी बसतो. दार ठोठावताच नकार आला तर खुशाल आनंद माना! रस्ता मोकळा आहे, संगणक जिवंत आहे, फक्त दाराशी कोणी बसलेले नाही. उत्तराची वाट पाहून वेळच संपली, तर मात्र संगणक बंद असेल किंवा बहुधा फायरवॉल तुमचा संदेश गिळत असेल. (हे दार थेट इंटरनेटवर उघडे ठेवू नये, बरे का! २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची खोट सापडली. तिच्यामुळे जुन्या विंडोज संगणकांत पासवर्डशिवाय शिरकाव करता येत होता.)

माझे दार उघडले, पण पासवर्ड चुकीचा ठरला. तीनदा! शेवटी तोच पासवर्ड मी नावाच्या चौकटीत टाइप केला, कारण तिथली अक्षरे दिसतात. पाहतो तो @ च्या जागी " हे चिन्ह! आरडीपी सहसा अक्षर पाठवत नाही, कोणती कळ दाबली तिचा क्रमांक पाठवते. अक्षर कोणते, ते पलीकडे ठरते, आणि पलीकडे ब्रिटिश कळफलक धरला गेला होता. त्यात शिफ्ट आणि २ दाबले की अवतरणचिन्ह येते. केंब्रिजच्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात घडलेल्या व्हीएनसी पद्धतीत चिन्हाचाच संकेत जातो, त्यामुळे ही गफलत कमी होते. मी @ ची ब्रिटिश जागा शोधून पासवर्ड पुरा केला.

आणि पडदा काळाठिक्कर! एक्सआरडीपी बहुधा चालू पडदा दाखवत नाही, नवे सत्र उघडते. त्याच नावाने प्रयोगशाळेत आधीच कोणी आत असेल, तर दोन सत्रे एकमेकांच्या आड येतात. आमच्या मुलांनी संगणक माझ्याच नावाने चालू ठेवला होता. ते सत्र बंद करणे सोपे होते, पण मग मोजणीही थांबली असती. म्हणून मी दुसऱ्या नावाने आत शिरलो आणि नोंदींची फाइल उघडली. शेवटची ओळ ११ वाजून ४० मिनिटांची होती. घड्याळात ११ वाजून ४१ मिनिटे झाली होती.