हे कुत्रे कुणाचे? पंचवीस वर्षांचा मागोवा

१० ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत एनसीपीएच्या आवारात रतन टाटांच्या अंत्यदर्शनासाठी रांगा लागल्या होत्या, तेव्हा ‘गोवा’ नावाच्या कुत्र्यालाही तिथे आणले गेले. गोव्यात रस्त्यावर फिरणारे हे पिल्लू टाटांच्या एका सहकाऱ्याच्या गाडीत चढले आणि थेट टाटा समूहाच्या मुख्यालयात, बॉम्बे हाउसला पोहोचले, म्हणून त्याचे नाव गोवा, असे टाटांनीच एकदा सांगितले होते. नंतर काही दिवसांत, मालकामागोमाग तोही गेला, असा संदेश घराघरांतल्या मोबाइलवर फिरला. तो खोटा होता. गोवा ठणठणीत होता. लोक हळहळले ते मनापासून, यात शंका नाही. पण या कुत्र्याच्या आयुष्यातली खरी गोष्ट त्याच्या विरहाच्या कथेपेक्षा मोठी आहे. त्याच्या खाण्यापिण्याची, लसीची, आजारपणाची जबाबदारी कुणीतरी ठरवून घेतली होती. २०१८ मध्ये बॉम्बे हाउसचे नूतनीकरण झाले तेव्हा तळमजल्यावर भटक्या कुत्र्यांसाठी वेगळी जागाच राखली गेली. टाटांकडे पैसा होता, त्यांना काय अवघड, असे कुणी म्हणेल. परंतु देशी कुत्र्याला लागते काय? दोन वेळची भाकरी, पाणी, वर्षाकाठी लस आणि एकदा नसबंदी. कमी पडतो तो जबाबदार माणूस, आणि गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या शहरांनी नेमका हाच प्रश्न टाळला.

२००१ पूर्वी अनेक पालिकांचा उपाय एकच होता, कुत्री पकडा आणि मारा. त्या वर्षी १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नवे नियम आले: कुत्रे पकडायचे, निर्बीजीकरण करायचे, रेबीजची लस टोचायची आणि पकडले त्याच जागी सोडायचे. यामागचा विचार पक्का होता. कुत्रीचा गर्भकाळ जेमतेम दोन महिन्यांचा, आणि मोकळ्या झालेल्या गल्लीत शेजारच्या गल्लीतली कुत्री येतातच, कारण खाणे तिथेच पडलेले असते. छत्रपती संभाजीनगरकरांना हे वेगळे सांगायला नको. फेब्रुवारी २०१८ मध्ये, शहराचा कचरा जिथे टाकला जाई त्या नारेगावच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि पुढे कितीतरी आठवडे शहरभर कचऱ्याचे ढीग साचून राहिले. अशा ढिगांवर कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात, हे ज्याच्या दारापुढे ढीग होता त्याला ठाऊक आहे. तरीही त्या नियमांत एक फट राहिली. नसबंदी झाल्याची खूण म्हणून कुत्र्याच्या कानाला खाच पाडतात. ती खाच बघून एवढेच कळते की हा एकदा दवाखान्यात जाऊन आला आहे. लस कधी टोचली आणि पुढची कधी टोचायची, हे ती सांगत नाही. रेबीजच्या लसीचा प्रभाव टिकवायचा तर ती पुन्हा द्यावी लागते आणि दरवर्षी त्याच कुत्र्याला गाठून ती टोचणारा माणूस नियमांत कुठेच नव्हता. दत्तक घेणाऱ्या घरात तो असतो.

देशी कुत्रे घरात रुळत नाही, असा समज मात्र अजून घट्ट आहे. बंगल्याच्या फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ ही पाटी असली की आत लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्ड असायचा, हे आपण धरूनच चालतो. पण कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतील संशोधकांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांवर सातत्याने काम केले आहे. २०१७ साली त्यांनी दाखवले की अनोळखी माणसावर विश्वास टाकताना या कुत्र्यांवर खाण्यापेक्षा कुरवाळण्याचा परिणाम अधिक होतो. त्याआधी, २०१६ मध्ये, ३६४ पिल्लांच्या नोंदींवरून त्यांनी काढलेला निष्कर्ष चटका लावणारा आहे. प्रजननाच्या वयापर्यंत जगली ती फक्त १९ टक्के, आणि मृत्यूंपैकी ६३ टक्के प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे माणसामुळे झालेले. म्हणजे आपल्या दाराशी शेपूट हलवणारा मोठा कुत्रा हा त्याच्या भावंडांपैकी बहुतेकांच्या मरणातून वाचलेला असतो. माणसाची नजर, हाक आणि हातातली काठी त्याला जितकी कळते, तितकी दुकानातून आणलेल्या पिल्लाला कळायला वर्ष जाते.

सगळ्यात गंभीर आक्षेप चाव्याचा आहे आणि त्याला उत्तर देताना प्राणिप्रेमींनी आवाज चढवू नये. घाटी रुग्णालयात हाताला किंवा पोटरीला कुत्रा चावलेल्या लेकराला उचलून रांगेत उभ्या असलेल्या आईला भूतदयेवर व्याख्यान देणे क्रूरपणाचे आहे. रेबीज एकदा बळावला की माणूस वाचत नाही, आणि जगातल्या रेबीजमृत्यूंपैकी ३६ टक्के भारतात होतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. दत्तक घेण्याची बाजू मी मांडतो ती याच आईकडे पाहून. दत्तक गेलेला कुत्रा रस्त्यावरून कमी होतो, लसीकरणाखाली येतो, आणि चावलाच तर मालक कोण हे माहीत असते. गल्लीतल्या कुत्र्याला शिळी पोळी टाकून आपापल्या घरात जाणाऱ्या दहा प्रेमळ माणसांकडून यातले काहीच होत नाही.

देशात भटकी कुत्री १.५३ कोटी आहेत, असे २०१९ची पशुगणना सांगते. एवढी कुत्री घराघरांत जाणार नाहीत, हे उघड आहे. निर्बीजीकरण आणि कचऱ्याची विल्हेवाट यांना पर्याय नाही. तरी दत्तकाला किरकोळ समजू नये, कारण समाजाची नजर त्यानेच बदलते. कुत्र्याला मान कसा मिळतो, हे मराठवाड्याने पाहिले आहे. बीड पोलिसांचा रॉकी, तीनशेहून अधिक गुन्ह्यांच्या तपासात साथ दिलेला श्वान, गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना देऊन निरोप दिला. ३० ऑगस्ट २०२०च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी त्याचा उल्लेख केला आणि कुत्रा पाळायचा तर देशी पाळा, असे सुचवले. छत्रपती संभाजीनगरला लागून असलेल्या सातारा गावच्या खंडोबाच्या यात्रेला चंपाषष्ठीला गर्दी लोटते. कितीतरी घरांत त्या दिवशी भरीत-रोडग्याच्या नैवेद्यातला घास कुत्र्यासाठी काढला जातो. एका दिवसाचा हा मान वर्षभर टिकवण्याची सोय आता कायद्यानेही दिली आहे.

२२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की इच्छुकांनी पालिकेकडे अर्ज करावा, कुत्र्याला ओळखखूण लावून तो दत्तक द्यावा, आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्याची. ‘हे कुत्रे कुणाचे?’ या प्रश्नाला इतके स्पष्ट उत्तर पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मिळाले. त्यानंतर ७ नोव्हेंबरला शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातली कुत्री हलवावीत आणि तिथे परत सोडू नयेत, असा आदेश झाला. आपल्या विद्यापीठाचा एवढा मोठा परिसर, घाटी, मध्यवर्ती बसस्थानक, हे सगळे त्यात येते. अशा आवारांतल्या कुत्र्यांत वर्षानुवर्षे वॉचमनच्या डब्यातली भाकरी खाऊन माणसाळलेली, वयाने पोक्त, नसबंदी झालेली कितीतरी असतात. त्यांना निवाऱ्याच्या पिंजऱ्यांत कोंबण्याआधी महापालिकेने त्यांची यादी करावी, लसीच्या नोंदीसह फोटो प्रसिद्ध करावेत आणि वॉर्ड कार्यालयांत दत्तकाचे अर्ज ठेवावेत. पिल्लू मागायला लोक येतातच. या मोठ्या कुत्र्यांसाठी अर्ज आधी भरले गेले पाहिजेत.