रोजी, जात आणि मतपेटी
मराठवाड्यातील निजामाचा अंमल १९४८ साली संपला, आणि जमीनदार पाटील, भूमिहीन दलित मजूर व शहरातील मुसलमान कारागीर अशा परस्परविषम स्थितीतील समूहांची मते बव्हंशी एकट्या काँग्रेसच्या पदरात पडू लागली. १९७७ साली जनता पक्षाचे बापू काळदाते औरंगाबादेतून निवडून आले; पण तीनच वर्षांनी उर्दू कवी काझी सलीम यांना लोकसभेवर पाठविले, ते याच जुन्या एकोप्याने.

तडा मात्र आधीच गेला होता. मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी संमत केला, आणि गावोगावी दलितांची घरे जळाली. बापजाद्यांनी ज्यांच्या शेतावर सालगडी म्हणून जन्म घालविला, त्यांच्यासमोर मिलिंद महाविद्यालयात शिकलेला मुलगा ताठ मानेने उभा राहून सरकारी नोकरीवर हक्क सांगू लागला, हे शल्य त्या नामविरोधाच्या मुळाशी होते असे माझे स्पष्ट मत आहे. चारच वर्षांपूर्वी, १९७४ च्या विकास आंदोलनात, याच प्रदेशातील विद्यार्थी रोजगार मागण्यासाठी रस्त्यावर उतरले होते, हे स्मरले म्हणजे खेद दुणावतो.

पुढे चिकलठाणा व वाळूज येथे कारखाने उभे राहिले आणि कोरडवाहू शेतकऱ्यांची मुले कामगार होऊन शहरात आली. परंतु कामगार म्हणून त्यांचा स्वतंत्र पक्ष येथे बळावला नाही. १९८८ च्या पहिल्या महापालिका निवडणुकीत शिवसेनेने साठपैकी २७ जागा जिंकल्या, आणि पुढील वर्षी मोरेश्वर सावे खासदार झाले. अमेरिकेत गरीब गोरा व गरीब काळा मजूर जसे बहुधा निरनिराळ्या पक्षांना मत देतात, तसेच येथे रोजीची विवंचना एकच असूनही तिची तक्रार कोणत्या पक्षाच्या दारी न्यावयाची, हे जात आणि धर्मच ठरवीत आले.

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीत वंचित बहुजन आघाडी व एमआयएम एकत्र आल्या आणि इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी विजयी झाले. अपक्ष हर्षवर्धन जाधव यांनी पावणेतीन लाखांहून अधिक मते घेतली नसती तर निकाल कदाचित निराळा लागता. तथापि दलित व मुसलमान वस्त्यांतील कष्टकऱ्यांनी एका चिन्हावर मत द्यावे, ही घटना लहान नव्हती. ती युती त्याच वर्षी विधानसभेपूर्वी तुटली, आणि २०२४ साली शिवसेनेच्या शिंदे गटाचे संदिपान भुमरे यांनी जलील यांचा सुमारे एक लाख ३४ हजार मतांनी पराभव केला. युती तोडण्याच्या निर्णयाने या शहरातील गरिबांच्या राजकारणाची जितकी हानी झाली, तितकी दुसऱ्या कोणत्याही निर्णयाने झाली नाही, असे मला वाटते.