गारपिटीचा इशारा कसा वाचायचा?

फेब्रुवारी-मार्चमध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या रानात वर्षभराचे कष्ट उघड्यावर पडलेले असतात. ज्वारी काढणीला आलेली, हरभऱ्याची सुडी रानातच, द्राक्षाच्या घडात साखर भरत असलेली. नेमका तेव्हाच मोबाइलवर निरोप येतो: ‘धाराशिव जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह गारपिटीची शक्यता.’ गार आपल्या रानात पडली नाही, तर चार दिवसांनी अंदाज खोटा ठरला म्हणून आपण मोकळे होतो. पण त्या एका वाक्यात बरेच काही सांगितलेले असते. ते समजून घेतले, तर हातचे बरेच वाचवता येते.

गार तयार कशी होते?

उन्हाळ्याच्या तोंडावर बालाघाटचे पठार तापू लागते. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्राकडून बाष्प येते. त्याच वेळी पश्चिमेकडून येऊन उत्तर भारतावरून सरकणाऱ्या पश्चिमी विक्षोभामुळे (वरच्या हवेतल्या खळबळीमुळे) वरच्या थरात थंड, कोरडी हवा घुसते. खाली गरम-दमट आणि वर थंड-कोरडी अशी मांडणी झाली की हवा झपाट्याने वर उसळते आणि काही किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो.

या ढगात शून्य अंशांच्या पातळीच्या वरच्या भागातही पाण्याचे थेंब न गोठता तरंगत असतात. बर्फाचा कण त्यांना धडकला की ते त्याच्यावर गोठतात आणि कण वाढत जातो. वर चढणारा वारा त्याला जितका वेळ तोलून धरेल, तितकी गार मोठी. ताजी गार मधोमध कापून पाहिली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, एक दुधी तर एक काचेसारखा. पाणी धडकताक्षणी गोठले की हवा आत अडकते आणि थर दुधी होतो. पाणी सावकाश पसरून गोठले की थर पारदर्शक होतो. वाऱ्याला वजन पेलेनासे झाले की गार सुटते. लिंबाएवढी गार जमिनीवर येताना ताशी 70 किलोमीटरहून अधिक वेगात असते. द्राक्षाची साल फाटते, ज्वारीचे कणीस झडते ते यामुळे.

भर पावसाळ्यात गारा क्वचितच दिसतात. तेव्हा शून्य अंशांची पातळी पाच किलोमीटरच्याही वर असते, ढगातला वाऱ्याचा जोर कमी असतो आणि तयार झालेली गार वाटेतच वितळते. 2014 मध्ये फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्याला गारांनी झोडपले, तेव्हा वरचा थंड प्रवाह आणि खालचे बाष्प यांची गाठ पुन्हा पुन्हा पडत होती.

इशाऱ्यातले शब्द आणि रंग

मराठवाड्यासाठीचा जिल्हावार इशारा भारतीय हवामान विभागाचे मुंबईतील प्रादेशिक केंद्र देते. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच कृती करा. हा रंग अख्ख्या जिल्ह्याला असतो आणि धाराशिव जिल्हा सुमारे साडेसात हजार चौरस किलोमीटरचा आहे. गारांचा पट्टा मात्र बहुधा काही किलोमीटर रुंद असतो. म्हणून परंड्यात झोड उठते, तेव्हा उमरग्यात ऊन असू शकते. तरीही इशारा दोन्ही तालुक्यांपुरता खराच.

‘तुरळक ठिकाणी’ हा मोघम शब्द नाही. हवामान विभागाच्या भाषेत त्याचा अर्थ पाऊस मोजणाऱ्या एक चतुर्थांशापर्यंत केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे 26 ते 50 टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे 51 ते 75 टक्के केंद्रांवर. पावसाचा विस्तार असा मोजतात. गारपिटीच्या इशाऱ्यापुढे जवळजवळ नेहमीच ‘तुरळक’ असते, कारण तिचा स्वभावच तसा आहे.

चार दिवस, तीन तास, अर्धा तास

चार-पाच दिवस आधी संगणकीय प्रारूपे वातावरणाची मांडणी सांगतात, गाव सांगू शकत नाहीत. या टप्प्यावर पक्की ज्वारी काढून घ्यावी, हरभऱ्याची मळणी उरकावी, कडबा रचून ठेवावा. पाणी देणे आणि फवारणी पुढे ढकलावी. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. तो ‘मेघदूत’ ॲपवरही मिळतो.

पुढचा टप्पा तीन तासांच्या तातडीच्या अंदाजाचा. हा रडार आणि उपग्रहावरून काढतात. ढगातल्या थेंबांवरून आणि गारांवरून परतलेल्या लहरींची तीव्रता रडार मोजते. ती 55 डीबीझेड (dBZ) या मापाच्या वर गेली तर गारांची शंका बळावते. रडार दूर असेल तर पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याचा किरण ढगाच्या वरच्या भागातूनच जातो आणि खालचे चित्र निसटते. हा निरोप आला की जनावरे गोठ्यात घ्यावीत, सुडीवर ताडपत्री टाकून दोर आवळावेत.

शेवटचा अर्धा तास आपल्या डोळ्यांचा. दुपारी उकाडा असह्य होतो, पश्चिमेचा ढग भराभर वर चढतो आणि त्याचा माथा सपाट होऊन पसरतो. मग अचानक गार वारा सुटतो. ढगातून कोसळणाऱ्या पावसाने थंड झालेली हवा जमिनीवर आदळून पुढे धावते, तोच हा वारा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जवळ पडणाऱ्या विजा दाखवते. विजांची संख्या एकाएकी वाढली, तर ढग आणखी जोर धरतो आहे असे समजावे. आता रानात काही वाचवायला जाऊ नये. झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जावे.

गारा थांबल्यावर

द्राक्षघडातले फुटलेले मणी लवकर काढावेत, कारण जखमेतून बुरशी शिरते. औषध तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारूनच घ्यावे.

आणखी एक काम तेवढेच मोलाचे आहे. महसूल मंडळांतली ‘महावेध’ची स्वयंचलित हवामान केंद्रे पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा मोजतात, गारा मोजत नाहीत. त्यामुळे गारांची नोंद माणसांनीच ठेवायची आहे. वेळ, किती मिनिटे पडल्या, आकार केवढा हे वहीत लिहावे. वितळण्याआधी नाण्याशेजारी ठेवून गारेचा फोटो काढावा आणि तलाठी व कृषी सहायकांना कळवावे. पंचनाम्याला त्याचा आधार होतो. शिवाय कोणत्या मांडणीत कोणत्या शिवारात गार पडली हे अभ्यासकांना अशा नोंदींवरूनच कळते. त्या जितक्या जास्त गावांतून जातील, तितका पुढचा इशारा आपल्या गावाच्या जवळ येईल.