चालत्या संगणकाचे स्थलांतर

वसतिगृहाच्या भांडारातील नोंदवही आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. तांदूळ किती आला, डाळ किती खर्ची पडली, तेल किती शिल्लक राहिले, हे सारे तीत रोज लिहिले जाते. आता अशी कल्पना करावी की ही वही जीर्ण झाली असून तिची संपूर्ण नक्कल दुसऱ्या इमारतीतील नव्या वहीत उतरवावयाची आहे. मात्र भांडारप्रमुखांचे लिहिणे त्यासाठी थांबवावयाचे नाही. नक्कल करणारा विसाव्या पानावर पोहोचतो, तोवर पाचव्या पानावर नवी नोंद झालेली असते. मग ही नक्कल पूर्ण व्हावी तरी कशी? एका सर्व्हरवर चालू असलेला आभासी संगणक दुसऱ्या सर्व्हरवर हलविताना नेमका हाच प्रश्न उभा राहतो.

आभासी संगणक म्हणजे काय, हे प्रथम पाहू. एखाद्या समर्थ सर्व्हरवर हायपरव्हायझर नावाची आज्ञावली बसविली की ती त्याचा प्रोसेसर, त्याची मेमरी व जाळ्याची जोडणी अनेकांत वाटून देते. प्रत्येक वाटेकरी आपण स्वतंत्र संगणक आहोत अशाच रीतीने वागतो. ही कल्पना जुनी आहे. आयबीएमने 1972 मध्ये व्हीएम/370 ही प्रणाली याच तत्त्वावर आणली होती. आभासी संगणक विशिष्ट यंत्राला बांधलेला नसतो, म्हणून तो हलविता येतो. खालच्या सर्व्हरची मेमरीची पट्टी बदलावयाची असेल, तर वरचे आभासी संगणक आधी शेजारच्या सर्व्हरवर नेता येतात. रात्री काम कमी असताना ते थोड्या सर्व्हरांवर एकत्र आणून उरलेले सर्व्हर बंद ठेवता येतात व वीज वाचते. परंतु त्या आभासी संगणकावर एखाद्या रुग्णालयाच्या नोंदी असतील किंवा हजारो विद्यार्थी त्यावर आपला निकाल पाहत असतील, तर तो बंद करून हलविणे परवडत नाही.

हलवावयाचे असते तरी काय? हार्ड डिस्कवरील माहिती बहुधा दोन्ही सर्व्हरांना पोहोचता येईल अशा सामाईक साठ्यात असते, म्हणून ती जागची हलवावी लागत नाही. प्रोसेसरची तात्कालिक स्थिती अगदी अल्प असते. खरा भार मेमरीचा. मेमरी साधारणतः 4 किलोबाइटच्या तुकड्यांत विभागलेली असते आणि या तुकड्यांना संगणकाच्या भाषेतही पानेच म्हणतात. 8 गिगाबाइट मेमरीत अशी सुमारे 20 लक्ष पाने भरतात. सेकंदाला 1 गिगाबिट वेगाच्या तारेवरून फार तर 125 मेगाबाइट जातात; म्हणजे सर्व पाने पाठविण्यास किमान 64 सेकंद लागतील. एवढा वेळ संगणक थांबला तर त्याच्याशी जोडलेल्या अनेकांचे काम तुटेल.

यावरील सर्वपरिचित उपाय केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी कोपनहेगन येथील सहकाऱ्यांसह झेन या हायपरव्हायझरवर 2005 मध्ये मांडला. त्यामागील मूळ कल्पना स्टॅनफर्ड येथील व्ही-सिस्टिममध्ये 1985 सालीच आलेली होती. संगणक चालू ठेवूनच सर्व पाने एकदा पाठवावयाची. त्या अवधीत ज्या पानांवर नवे लिहिले गेले त्यांची यादी ठेवावयाची आणि दुसऱ्या फेरीत तेवढीच पाने पुन्हा पाठवावयाची. असे करीत उरलेली पाने अगदी थोडी झाली की संगणक क्षणभर थांबवून ती न्यावयाची व पलीकडे तो सुरू करावयाचा.

हे आकड्यांत पाहू. समजा, संगणक दर सेकंदाला 25 मेगाबाइट पाने बदलतो. पहिल्या फेरीच्या 64 सेकंदांत 1600 मेगाबाइट पाने बदलतील. ती पाठविण्यास 12.8 सेकंद लागतील. तेवढ्यात 320 मेगाबाइट बदलतील. पुढे 64 आणि मग 12.8 मेगाबाइट. प्रत्येक फेरीत काम एकपंचमांश होते. अखेरचे 12.8 मेगाबाइट नेण्यास सेकंदाचा सुमारे दहावा भाग पुरतो. 64 सेकंदांचा खंड अशा रीतीने वापरणाऱ्याच्या लक्षातही न येणाऱ्या क्षणावर येतो. केंब्रिजच्या प्रयोगात क्वेक 3 या खेळाचा सर्व्हर खेळ चालू असतानाच हलविण्यात आला. तो केवळ सुमारे 60 मिलिसेकंद थांबला.

पण पाने बदलण्याचा वेग तारेच्या वेगाजवळ पोहोचला, तर फेऱ्या वाढूनही काम आटोपत नाही. अशा वेळी अधिक वेगवान तार घ्यावी, हा विचार सहज सुचतो. संशोधकांनी मात्र दुसराच प्रश्न विचारला: जे पाठवीत आहोत, ते सारे पाठविणे खरोखर आवश्यक आहे काय?

स्टॅनफर्ड येथे मोनिका लॅम, मेंडेल रोझेनब्लम व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये याचे उत्तर शोधले. त्यांच्यापुढील तार सेकंदाला अवघे 384 किलोबिट वाहून नेणारी होती. वापरात नसलेली मेमरी त्यांनी आधी शून्यांनी भरून घेतली, कारण नुसत्या शून्यांचे पान एका लहानशा खुणेने कळविता येते. प्रत्येक तुकड्यापासून गणिताने एक छोटी खूण काढली, हिला हॅश म्हणतात. ती आधी पाठवून तोच तुकडा पलीकडे आहे काय, हे विचारले. असल्यास तो पाठविलाच नाही. या संगणकाची डिस्कही सोबत न्यावयाची होती. तिच्यातील केवळ बदललेला भाग नेला. संगणक थांबवूनच हलविला जाई, तरी इतक्या मंद तारेवरून हे काम सुमारे 20 मिनिटांत होऊ शकले.

पुढे आणखी युक्त्या आल्या. सतत बदलणारी पाने प्रत्येक फेरीत पाठविणे व्यर्थ असते, म्हणून ती शेवटच्या थांब्यासाठी राखून ठेवतात. पान पुन्हा पाठवावयाचेच झाले, तर पूर्वीच्या प्रतीपेक्षा त्यात जेवढा फरक पडला तेवढाच पाठवितात. या दुसऱ्या युक्तीत प्रोसेसरचे श्रम व जुन्या प्रतींसाठी जागा खर्च होते. तार मंद असेल तेव्हाच हा व्यवहार लाभाचा ठरतो. काहीच साधले नाही, तर आभासी संगणकाचा वेगच थोडा कमी करतात, जणू भांडारप्रमुखांना जरा सावकाश लिहिण्याची विनंती करतात.

याच्या उलट मार्ग बिंगहॅम्टन विद्यापीठातील हाइन्स व गोपालन यांनी 2009 मध्ये दाखविला. प्रथम प्रोसेसरची स्थिती नेऊन संगणक पलीकडे लगेच सुरू करावयाचा आणि पाने मागाहून न्यावयाची. न आलेल्या पानाची गरज पडली की ते मागवून घेतात व त्याच्या आसपासची पानेही पुढे पाठवितात. येथे प्रत्येक पान एकदाच प्रवास करते. मात्र आरंभी संगणक मंद चालतो आणि मोठा धोकाही असतो. वाटेत जाळे तुटले तर जुन्या ठिकाणची प्रत शिळी व नवी अपुरी राहते. चालता संगणक हातचा जाऊ शकतो. फेऱ्यांच्या पद्धतीत मूळ संगणक शेवटच्या क्षणापर्यंत अखंड असतो. रुग्णालयाच्या नोंदींचा संगणक हलविताना केवळ वेगाकडे पाहून चालत नाही, ते यासाठीच.

विद्यार्थी मित्रहो, हे समजून घेण्यास मोठे केंद्र लागत नाही. एकसारखे प्रोसेसर असलेले दोन साधे संगणक, त्यांना जोडणारी तार, एक सामाईक फोल्डर आणि क्यूईएमयू व केव्हीएम ही मुक्त साधने एवढी सामग्री पुरते. आभासी संगणकावर मेमरीत सतत लिहिणारा छोटा कार्यक्रम चालवा आणि त्याला हलवा. किती वेळ लागला व संगणक किती मिलिसेकंद थांबला, हे क्यूईएमयू स्वतःच सांगते. मग लिहिण्याचा वेग हळूहळू वाढवा. कोणत्या वेगाला स्थलांतर पूर्ण होईनासे होते ते नोंदवा आणि त्या आकड्याची आपल्या तारेच्या वेगाशी तुलना करून पाहा.