नव्या गाडीचे टायर कोण खातं?

पातूर-अकोला रस्त्यावरच्या टायरच्या दुकानांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. गाडी घेऊन वर्ष उलटलेलं नसतं, काट्यावर बारा-पंधरा हजार किलोमीटर झालेले असतात, सीटवरचं प्लास्टिकही काहींनी अजून काढलेलं नसतं आणि पुढच्या टायरची आतली कड मात्र गोटा झालेली असते. दुकानदाराने अलायमेंटचं नाव काढलं की मालक उलट विचारतो, "गाडी नवी हाय ना भाऊ, तिले काहाची अलायमेंट लागते?" मग दोष वाटले जातात. कंपनीने हलके टायर लावले, सिमेंटच्या रस्त्याने खाल्ले, अकोल्याच्या उन्हाने जाळले.

आधी हिशेब पाहू. कारच्या नव्या टायरची नक्षी साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असते. कायद्याने कारला किमान 1.6 मिलिमीटर आणि दुचाकी-तीनचाकीला 0.8 मिलिमीटर खोली लागते. म्हणजे वापरायला मिळतं ते सहा मिलिमीटरच्या आसपास रबर. बऱ्या रस्त्यावर, बऱ्या हाताखाली ते 40 ते 50 हजार किलोमीटर पुरतं. ते पंधरा हजारांत संपलं तर कुठेतरी गडबड आहे हे नक्की. पण ती गडबड शोधताना टायर किती झिजला यापेक्षा कुठे झिजला हे बघायचं असतं, आणि नेमकं तेच कुणी बघत नाही.

टायरवर तळवा ठेवून आडवा फिरवावा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेला हात सरकन जातो आणि परतताना करवतीच्या दातांसारखं काहीतरी बोटांना अडतं, तेव्हा चाकांची तोंडं सरळ नाहीत असं समजावं. फक्त मधला पट्टा झिजलेला असेल तर हवा जास्त. दोन्ही कडा झिजल्या आणि मधली नक्षी शाबूत असेल तर हवा कमी. एकच कड गेली असेल तर चाकाचा कल किंवा दिशा बिघडलेली. जागोजागी खळगे पडले असतील तर संशय शॉकअ‍ॅब्सॉर्बरवर. रस्ता किंवा ऊन असं कड बघून रबर खात नाही. त्यांनी झिजवलं असतं तर सगळीकडून झिजवलं असतं.

नव्या गाडीची अलायमेंट बिघडत नाही, हा यातला सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. कारखान्यातून निघताना चाकं मोजून लावलेली असतात हे खरं. त्यानंतर ती गाडी कंटेनरवर पट्ट्यांनी आवळून शेकडो किलोमीटर येते, उतरवली जाते, आणि मालकाच्या ताब्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात एखाद्या खड्ड्यात दणकन आपटते. स्टिअरिंगच्या सांध्यात थोडासा फरक पडायला एवढं पुरे असतं. सांध्याला गाडीचं वय कळत नाही.

थोडासा म्हणजे किती? समजा, एका चाकाची दिशा सरळ रेषेपासून फक्त अर्धा अंश वळलेली आहे. डोळ्यांना ते दिसणारही नाही. पण भूमितीच्या हिशेबाने ते चाक प्रत्येक किलोमीटरला पावणेनऊ मीटर आडवं ओढलं जातं. पातूरहून अकोला तीस-बत्तीस किलोमीटर. एका खेपेत ते रबर पाव किलोमीटरहून जास्त अंतर डांबरावर आडवं घासत जातं, आणि संध्याकाळी परत तेवढंच. रोज अप-डाऊन करणाऱ्या नोकरदाराची कड वर्षभरात संपते यात नवल ते काय!

यावर ठरलेलं उत्तर येतं की, गाडी तर सरळ चालते, स्टिअरिंग सोडलं तरी कुठे ओढत नाही. पण दोन्ही पुढची चाकं सारख्याच मापाने आत किंवा बाहेर वळलेली असली की त्यांची ओढ एकमेकांना काटते. गाडी नाकासमोर चालते आणि दोन्ही टायर मुकाट्याने घासत राहतात.

अलायमेंट आणि बॅलन्सिंग एकच, असंही अनेकांना वाटतं. बॅलन्सिंगमध्ये रिमला शिशाचे वा जस्ताचे छोटे तुकडे लावून चाकाचं वजन सगळीकडून सारखं करतात. ते चुकलं तर ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. अलायमेंट म्हणजे चाकांची दिशा आणि कल. शिवाय 'अलायमेंट करून दिली' या शब्दावर विसंबून निघून येऊ नये. यंत्रातून आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मिळतात, तो कागद मागून घ्यावा. बऱ्याच छोट्या गाड्यांत फक्त पुढच्या चाकांची दिशाच बदलता येते, कल बदलायची सोयच नसते. कागदावर कलाचा आकडा लालच राहिला असेल तर पाना फिरवून भागणार नाही. एखादा भाग वाकलाय किंवा बुश गेलंय, आणि नव्या गाडीत हे वॉरंटीच्या मुदतीत सापडलेलं बरं.

आता हवा. वऱ्हाडात उन्हाळा म्हणजे चेष्टा नाही. मे 2024 मध्ये उन्हाच्या तडाख्यामुळे अकोला जिल्ह्यात कलम 144 लावावं लागलं होतं. अशा दिवसांत 'उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटते' हा सल्ला घरोघरी मिळतो. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, परिणाम उलटा होतो. सकाळी 27 अंशांना 32 पीएसआय भरलेली हवा दुपारी 45 अंशांच्या सावलीत नुसती उभ्याउभ्या पावणेतीन पीएसआयने वाढते. गाडी पळाली की आणखी वाढते. ही वाढ टायर बनवणाऱ्याने गृहीत धरलेलीच असते. पण कुणी मेडशीला पंपावर थांबून 38 झालेली हवा 32 वर उतरवली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे थंड टायरमध्ये 26-27 च उरते. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, जास्त वाकतो, आणि त्या वाकण्यातूनच आतली खरी उष्णता तयार होते. म्हणजे उन्हाच्या भीतीने हवा सोडणारा टायरला आतून तापवतो आणि वर दोन्ही कडाही झिजवून घेतो.

26 हा आकडा अमेरिकेला चांगलाच महाग पडला होता. फायरस्टोन कंपनीने ऑगस्ट 2000 मध्ये सुमारे 65 लाख टायर परत मागवले. बहुतेक फोर्डच्या एक्स्प्लोरर गाडीवरचे होते, वेगात असताना त्यांचा वरचा थर सोलून निघत होता. टायरमध्ये दोष होताच. पण फोर्डने या गाडीसाठी 26 पीएसआय हवेची शिफारस केली होती आणि ती पुरेशी नव्हती, यावर दोन्ही कंपन्यांत मोठा वाद झाला. अपघात जास्त झाले ते टेक्सास, फ्लोरिडा, अ‍ॅरिझोना अशा तापणाऱ्या राज्यांत. त्याच वर्षी अमेरिकेत नवा कायदा आला आणि पुढे गाड्यांना हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली.

तेव्हा हवा मोजायची ती सकाळी, गाडी सुरू करण्याआधी किंवा दोन किलोमीटर व्हायच्या आत. आकडा घ्यायचा तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरून. टायरच्या अंगावर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, रोजच्या वापराचा नव्हे. नायट्रोजन भरला की टायर झिजत नाही असं सांगतात, त्याबद्दल एवढंच की साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. तो भरायला हरकत नाही, पण महिनोन्‌महिने हवा न तपासण्याचा तो परवाना नाही.

सिमेंटच्या रस्त्यावर टायरचा आवाज मोठा येतो, म्हणून घासाघीसही जास्त होत असणार असं लोक धरून चालतात. आवाज असतो पृष्ठभागावरच्या आडव्या रेघांचा. झिजेत मोठा वाटा वेगाचा असतो. समृद्धी महामार्गावर कारला ताशी 120 ची मुभा आहे, आणि जुन्या रस्त्यावर साठ-सत्तरने चालणारी कमी हवेची, वाकड्या चाकांची गाडी तिथे तेच दुखणं घेऊन दुप्पट वेगाने धावते. परिवहन विभागाने 2023 मध्ये या महामार्गाच्या तोंडाशीच टायर तपासायला सुरुवात केली, गोटा झालेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या. अमरावती-अकोला रस्त्याचंही तसंच. लोणी ते माना दरम्यान, एकेरी लेनच्या हिशेबाने 75 किलोमीटरचा डांबरी थर जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत अंथरून गिनीज विक्रम झाला. रस्ता गुळगुळीत झाला म्हणजे टायर आपोआप टिकतात असं मात्र नाही, कारण त्याच रस्त्यावर पाय अ‍ॅक्सिलरेटरवर जास्त दाबला जातो.

पातूरच्या घाटात तर हे थेट आकड्यांत दाखवता येतं. वळणावर टायरला बाहेर ढकलणारं बळ वेगाच्या वर्गाने वाढतं. जे वळण चाळीसने घ्यायचं ते साठने घेतलं तर बळ सव्वादोन पट होतं. रोज घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या गाडीचे पुढचे टायर बाहेरच्या कडेने लवकर गेले तर अलायमेंटवाल्याशी भांडण्याआधी चालवणाऱ्याचा हात बघावा. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे टायर मागे, मागचे पुढे केले की झीज वाटली जाते. तेही नव्या गाडीला नको असतं असं समजून टाळलं जातं.

पातूर तालुक्यात नवं वाहन म्हणजे दर वेळी कारच असते असं नाही. फोर-व्हील ड्राइव्हचे ट्रॅक्टर आता गावोगाव दिसतात, आणि दोन हंगामांत पुढचे टायर साफ झाल्याची ओरडही. इथे कंपनीचा दोष क्वचितच निघतो. अशा ट्रॅक्टरची पुढची चाकं लहान असतात आणि गिअर मुद्दाम असे जुळवलेले असतात की ती मागच्यांपेक्षा काही टक्के जास्त पळू पाहतात. काळ्या मातीत ही तफावत चाकाच्या घसरण्यात जिरते, उलट नांगराला ओढ मिळते. पण कापसाची किंवा सोयाबीनची ट्रॉली लावून डांबरी रस्त्याला लागताना फोर-व्हील ड्राइव्हचा दांडा तसाच गुंतलेला राहिला, की जिरायला माती नसते. सगळी तफावत पुढच्या टायरच्या कंगोऱ्यांवर उतरते. शेताच्या बांधावर दांडा सोडायचा, एवढंच करायचं असतं. शेतासाठी कमी ठेवलेली हवा घेऊन रस्त्यावर लांब पल्ला मारला तरी कंगोरे असेच वेडेवाकडे झिजतात.

राहता राहिली वॉरंटी. गाडीच्या वॉरंटीत टायर सहसा येत नाहीत. त्यांची हमी टायर कंपनीची वेगळी असते, तीही बनावटीतल्या दोषाची. अलायमेंट किंवा हवेमुळे झालेली झीज त्यात बसत नाही, आणि दोष मान्य झाला तरी उरलेल्या नक्षीच्या प्रमाणातच भरपाई मिळते. म्हणून पाच हजार किलोमीटरच्या आसपासच्या सर्व्हिसलाच चारही टायरची खोली आत, मध्ये आणि बाहेर मोजून जॉबकार्डवर लिहून घ्यावी. फरक तेव्हाच दिसला तर मूळ दोष गाडीचा की वापराचा यावर वाद घालायला हातात काही असतं. पंधरा हजारांनंतर दोन्ही बाजूंना नुसतं बोलणं उरतं. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मात्र तोवर झिजलेला टायर दुकानातच सोडून येऊ नये आणि अलायमेंटचे छापील कागद टाकून देऊ नयेत. सुनावणीत पुरावा म्हणून मागतील ते हेच.